कर्द्याच्या पुळणीवरचा ट्रॅक्टर: चार स्टार (आणि कायद्याला अडीच)

दापोलीकडे फिरायला येणाऱ्यांनी जेवणाखाण्याबद्दल बरंच लिहून ठेवलंय. सोलकढी कुठे चांगली मिळते, मोदक कुठे मिळतात, सगळं सापडतं. पण पुळणीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, गाडी रुतल्यावर ती बाहेर कोण काढतो, किती घेतो आणि कसा वागतो, हे कोणी लिहिलेलं मला दिसलं नाही. म्हणून मी लिहितोय. मुरुडात राहतो, एस.टी.त 31 वर्षं स्टिअरिंग धरलं, विनाअपघात सेवेचा बिल्ला कपाटात आहे. गाडी माझी नव्हती, भाच्याची होती. म्हणजे भावोजींची.

14 डिसेंबर 2024, शनिवार, दत्तजयंती. भाचा आणि त्याचे तीन दोस्त ताम्हिणी, माणगाव, मंडणगड करत दुपारी आले. जेवले, आणि "मामा, सूर्यास्त बघून येतो" म्हणून कर्द्याच्या किनाऱ्याकडे गेले. मी आळीतल्या देवळात. पाळणा हलायच्या बेतात होता, सुंठवड्याचं ताट माझ्याच हातात होतं, आणि खिशात फोन थरथरायला लागला. दोनदा कापला. तिसऱ्यांदा बाहेर येऊन घेतला.

"मामा, गाडी जरा अडकलीय."

"जरा" या शब्दावर मी 31 वर्षांत कधी विश्वास ठेवलेला नाही. कंडक्टर म्हणायचा, "जरा मागे घ्या."

जाऊन बघितलं तर ओल्या वाळूच्या पट्ट्यात गाडी पुढच्या उजव्या चाकावर बसलेली. सायलेन्सर वाळूला टेकलेला. आजूबाजूला गोल गोल चाकोऱ्या, एकात एक अडकलेल्या, तेलाचा घाणा फिरावा तशा. पोरांनी डोनट मारले होते. एक सनरूफमधून कमरेपर्यंत बाहेर, एक लांब उभा राहून रील काढतोय, आणि माझा शहाणा स्टिअरिंगवर. कुठल्यातरी फेरीत चाक पातळ वाळूत गेलं, त्याने रेस वाढवली, आणि जितकी रेस तितकं चाक खाली.

आता हिशेब बघा. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला फोन लागत नाही. तिथीला पाऊणने गुणायचं. त्या दिवशी पाचच्या सुमारापर्यंत चतुर्दशी, म्हणजे साडेदहाला भरती, पावणेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमेच्या तोंडावरचं उधाण, त्यामुळे पाणी खूप आत गेलेलं आणि पुळण मैदानासारखी मोकळी. पोरांना वाटलं, काय जागा आहे! गाडी रुतली सव्वापाचला, मी पोचलो सहाला. पाणी वळलेलं होतं. पहिले दोन तास ते हळूच येतं, माणसाला फसवतं. तिसऱ्या-चौथ्या तासात धावतं.

घोडागाडीवाल्यांपैकी एकाने ट्रॅक्टरवाल्याचा नंबर दिला. इथून अभिप्राय सुरू.

फोन दुसऱ्या रिंगला उचलला. गड्याने तीन प्रश्न विचारले: गाडी कुठली, तोंड समुद्राकडे की गावाकडे, आणि इंजिन चालू आहे का. चालू होतं. म्हणाला, "बंद करा आणि चावी काढा. मी येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही." भाव फोनवरच सांगितला. उजेडात साडेतीन हजार, काळोखात पाच, चाकाला पाणी लागलं तर सात. मी म्हटलं, जरा कमी करा. तो म्हणाला, "काका, कमी करतो. तुम्ही तेवढं पाणी थांबवा."

पोचायला 50 मिनिटं लागली. ट्रॅक्टर दुसऱ्या टोकाला होड्या ओढण्याच्या कामावर होता. तेवढ्यात पोरांनी फावडं न वापरता हातांनी वाळू उपसायचा प्रयत्न केला, जितकी उपसली तितकी परत आली. सात वाजायच्या आत पहिली लाट चाकाला लागली. सात हजार.

सामान मात्र बघण्यासारखं. जाड नायलॉनचा दोर, मच्छीमार बोटीला वापरतात तो. वायररोप आणली नव्हती. का, विचारलं तर म्हणाला, वायर तुटली तर कोणाचा पाय घेऊन जाईल सांगता येत नाही, नायलॉन ताणतो, झटका खातो. दोन लांब फळ्या, झावळ्यांचा भारा, दोन फावडी, बॅटरी. आल्याबरोबर चारही चाकांची हवा निम्म्याहून जास्त सोडली. मग विचारलं, "हूक कुठाय?" चौघांनी एकमेकांकडे बघितलं. वीस लाखांची गाडी, आणि ओढायचा हूक डिकीतल्या टूलकिटमध्ये असतो, बंपरवरचं छोटं झाकण काढून तो आटवायचा असतो, हे एकालाही ठाऊक नव्हतं. गड्याने तो स्वतः काढला, स्वतः बसवला. बंपरला किंवा एक्सलला दोर बांधणारे खूप बघितलेत मी. हा त्यातला नाही.

पहिल्या खेपेला ट्रॅक्टरच घसरला. दुसऱ्या खेपेला त्याने कोन बदलला. सरळ न ओढता, गाडी ज्या चाकोरीतून आत शिरली त्याच चाकोरीतून मागे. चाकांखाली झावळ्या, त्यावर फळ्या. सव्वाआठला गाडी कोरड्यात. पाणी तोवर दाराच्या खालच्या पट्टीपर्यंत आलेलं, आतल्या मॅट तरंगलेल्या.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. भाच्याने चावीसाठी हात पुढे केला. चावी गड्याच्या खिशात.

तो म्हणाला, "खालचे खड्डे समुद्र बुजवेल. वरचे कोण बुजवणार?"

पोरांनी सुरुवातीचे डोनट भरतीच्या रेषेच्या वर, भुसभुशीत वाळूत मारले होते. तिथे पाणी येत नाही. ढोपरभर खोल चर पडले होते, आणि त्याच पट्ट्यातून सकाळी घोडे जातात. घोड्याचा पाय अशा चरात गेला तर धंदा गेला आणि घोडाही गेला. शिवाय डिसेंबर, म्हणजे कासवांचा मोसम सुरू. आंजर्ले आणि वेळासचं नाव लोकांना माहीत आहे, पण ऑलिव्ह रिडले मादी गावाची पाटी वाचून वर येत नाही. कोरड्या वाळूतच ती अंडी घालते, आणि पिल्लू बाहेर पडलं की चाकाची चाकोरी त्याच्यासाठी दरी असते.

दोन फावडी, चार पोरं, एक बॅटरी. गडी ट्रॅक्टरच्या बोनेटला टेकून विडी ओढत बसला. एक पोरगा म्हणाला, "दादा, आम्ही सात हजार दिलेत ना?" "ते गाडीचे," एवढंच उत्तर. सव्वानऊपर्यंत पोरं खड्डे भरत होती. त्याने चालून बघितलं, एका जागी पाय दाबला, "हा परत," म्हणाला. परत भरला. मग चावी दिली.

मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातली सगळ्यात चोख शिक्षा ती होती. गुन्हा संपल्यावर चार तासांत झाली, ज्याने केला त्यालाच झाली, आणि जे बिघडवलं तेच दुरुस्त करावं लागलं.

एक स्टार कशासाठी कापला? बिल दिलं नाही. ओढताना मागची नंबरप्लेट वाकली, तिच्याबद्दल एक शब्द नाही. आणखी एक कारण आहे, ते शेवटी.

गॅरेजबद्दल थोडक्यात. खारं पाणी लागलेली गाडी दुसऱ्या दिवशी गॅरेजला नेली. गोड्या पाण्याने खालून धुतली, कार्पेट बाहेर काढून वाळवलं, ब्रेक खोलून साफ केले, मागचं एक बेअरिंग बदललं. 18,400 रुपये. काम ठीक. वास मात्र पावसाळ्यापर्यंत राहिला, सुक्या बोंबलाच्या डब्यासारखा. भावोजींना विम्यात "भरतीचं पाणी अचानक आलं" असं लिहायचं होतं आणि साक्षीला माझं नाव. मी म्हटलं, भावोजी, समुद्र अचानक येत नाही, रोज दोनदा येतो. त्यांनी तो नाद सोडला. माझ्याशी बोलणंही महिनाभर सोडलं.

आता तिसरी सेवा, पोलीस आणि कोर्टाची. तिला सेवा म्हणावं की नाही ठाऊक नाही, पण पैसे आणि वेळ तिनेही घेतले.

पोरांनी आपली रील पुसून टाकली. पण किनाऱ्यावर एक कुटुंब होतं, त्यांचा पाच-सहा वर्षांचा मुलगा वाळूचा किल्ला करत होता. गाडीची एक फेरी त्या किल्ल्यापासून दहा-बारा पावलांवरून गेली. त्याची आई किंचाळली, बापाने मुलाला उचललं आणि दुसऱ्या हाताने मोबाइल चालू केला. तो व्हिडिओ मी पोलीस ठाण्यात बघितला. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. सनरूफमधला पोरगा हसतोय, आणि गाडीचा मागचा भाग कुठे जातोय हे आत बसलेल्या एकालाही कळत नाहीये. वाळूत गाडी सरकायला लागली की स्टिअरिंग शोभेचं असतं. हे मी भाच्याला सांगितलं, तो म्हणाला, "मामा, कंट्रोलमध्ये होती." कंट्रोलमध्ये होती तर रुतली कशी?

गुन्हा नोंदला गेला: भारतीय न्याय संहितेचं कलम 281, भरधाव आणि बेदरकार वाहन चालवणं, आणि मोटार वाहन कायद्याचं 184, धोकादायक पद्धतीने चालवणं. अटक नाही, हजर राहायची नोटीस. भावोजींच्या ओळखीतल्या एकाने डोकं लढवलं, की किनारा म्हणजे रस्ता नव्हे. वकिलांनी ते तिथेच खोडलं. मोटार वाहन कायद्यात सार्वजनिक जागेची व्याख्याच अशी आहे, की लोकांना जिथे जायचा हक्क आहे ती जागा, मग ती वहिवाटीची वाट असो वा नसो.

माझी ताई पुण्याहून फोनवर रडत होती. "खून केलाय का रे त्याने? तिकडे कल्याणीनगरला दोन जीव गेले तर पोराला निबंध लिहायला सांगितला, आणि माझ्याला कोर्ट?" मे 2024 चं ते प्रकरण महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? सतरा वर्षांचा मुलगा, भरधाव पोर्शे, दोघे ठार, आणि जामिनाच्या अटीत 300 शब्दांचा निबंध. पुढे त्यावर केवढा गदारोळ झाला. ताईला मी एवढंच म्हटलं, की तिकडे कमी झाली म्हणून इकडे माफ, हा बाजारातला हिशेब झाला. तिने फोन ठेवला.

पण मग मी खरंच बघत बसलो, की शिक्षा कडक आहे म्हणजे किती. वकिलांकडून समजून घेतलं. कलम 281: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे 1,000 कुठून आले? जुन्या दंडसंहितेच्या 279 मधून. ती संहिता 1860 ची. तेव्हा मोटार नव्हती, कलम घोडागाड्या आणि बैलगाड्या भरधाव हाकणाऱ्यांसाठी होतं, आणि त्या काळच्या 1,000 रुपयांत माणसाचं घरदार गेलं असतं. 2023 मध्ये नवी संहिता आली, 1 जुलै 2024 पासून लागू झाली. नाव बदललं, क्रमांक बदलला, हजार तेच. कर्द्याला आज चौघांनी घोड्यावर बसून, नारळपाणी पिऊन, दोन प्लेट सुरमई खाल्ली तर तेवढे होतात.

184 जरा वजनदार: पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा 1,000 ते 5,000 दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000. कागदावर कैद आहे. भाच्याने कबुली दिली, दोन्ही मिळून दंड झाला 3,000 रुपये. लायसन तीन महिने गेलं. दुसऱ्यांदा झालं तर लायसन रद्दच.

म्हणजे बघा, ट्रॅक्टर 7,000, गॅरेज 18,400, आणि देशाचा कायदा 3,000. शिक्षा फार कडक आहेत म्हणून ओरडणाऱ्यांनी हा तक्ता बघावा.

मुलगी ऑकलंडला असते, तिला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, इथे असल्या रेसवाल्यांची गाडी सरळ चेपून टाकायचा कायदा आहे." 2009 साली केलेला, आणि 2012 मध्ये पहिली गाडी खरोखर यंत्रात घालून चेपली. पुन्हा पुन्हा पकडल्या गेलेल्यांसाठी. मला ते ऐकून धस्स झालं. गाडी म्हणजे लोखंड नाही हो, कुणाचे तरी हप्ते असतात. उलट शेजारी ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियात, पोलीस पहिल्याच वेळी गाडी 30 दिवस जप्त करतात. हे मला पटलं. महिनाभर गाडी नाही, बापाला उत्तर द्या, रिक्षाने फिरा. आमच्याकडे गाडी त्याच आठवड्यात सुटली.

पण ताई सगळीच चुकीची नव्हती, हे लिहिलं नाही तर खोटेपणा होईल.

दंडाचे 3,000 भरायला आठ महिने लागले. पुणे ते दापोली, तीन तारखा. पहिल्या तारखेला कागद आले नव्हते. दुसरीला साहेब रजेवर. तिसरीला पंधरा मिनिटांत निकाल. प्रत्येक वेळी पोरगा आदल्या रात्री माझ्याकडे मुक्कामाला, पहाटे उठून इस्त्रीचा शर्ट घालून गप्प बसलेला. मधल्या काळात त्याला नोकरी लागली, तिथल्या फॉर्मवर रकाना होता: तुमच्यावर कोणता फौजदारी खटला प्रलंबित आहे का? त्याने "होय" लिहिलं. रुजू होणं दोन महिने लांबलं. शेवटी घेतलं त्याला, पण त्या दोन महिन्यांत त्याचं तोंड बघवत नव्हतं. एस.टी.त असताना मीही एका चौकशीत अडकलो होतो, समोरच्या टेम्पोची चूक असताना. निर्दोष सुटलो, पण सुटेपर्यंतचं वर्ष कोणी परत दिलं नाही. त्यामुळे मला कळतं. कलमात लिहिलेली शिक्षा हलकी आणि न लिहिलेली जड, असा हा उलटा प्रकार आहे. त्याच्या दोस्तांना तर तीही नाही. सनरूफमधला मोकळा, रीलवाला मोकळा.

आणि चौथा? चौथा सतराचा होता. भावोजींचा पुतण्या. गाडी रुतली नसती तर पुढची फेरी त्याची ठरली होती, हे मला त्याने स्वतः सांगितलं, फावडं मारता मारता. तेव्हा मला मोटार वाहन कायद्याचं कलम 199-अ माहीत नव्हतं. आता माहीत आहे. अल्पवयीन मुलाने असा गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार: तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. भावोजी घरी पुण्यात चहा पीत बसलेले, आणि इकडे पाच मिनिटांच्या फेरीने तुरुंगाच्या दारात. मालकाने सिद्ध करायचं की मला माहीत नव्हतं. हे कलम जास्त कडक आहे का, यावर मी अजून अडतो. एकदा वाटतं, बापाला कशाला? मग आठवतं, चावी खुंटीवर कोण ठेवतं.

कायद्यात एक गोष्ट आहे ती मला आवडली, तिची कोणी चर्चा करत नाही. निलंबित लायसन परत मिळवायला उजळणी प्रशिक्षण घ्यावं लागतं. भाचा ते करून आला. विचारलं, काय शिकवलं? म्हणाला, "ब्रेक मारल्यावर गाडी किती लांब थांबते ते." वीस वर्षं मी नव्या चालकांना तेच सांगत होतो.

म्हणून कायद्याला अडीच स्टार. एक 184 ला, एक उजळणीला, आणि अर्धा त्या हवालदाराला, ज्याने व्हिडिओ दाखवताना पोराला उभं ठेवून विचारलं, "हा किल्लेवाला तुझा भाऊ असता तर?" आणि मग पाणी दिलं.

ट्रॅक्टर हवा असेल तर नंबर इथे लिहीत नाही, त्याने नको सांगितलंय. कर्द्याला घोडागाडीवाल्यांकडे विचारा. दिवसा न्या, तिथी बघून जा, आणि डिकीतला हूक घरीच एकदा शोधून ठेवा.

आणि कापलेल्या स्टारचं उरलेलं कारण. गेल्या वर्षी 4 डिसेंबरला, दत्तजयंतीला, भाचा आला. एस.टी.ने. संध्याकाळी माझ्याबरोबर किनाऱ्यावर निघाला, तर लांबून शीळ. पुण्याचीच एक पांढरी गाडी, त्याच पट्ट्यात, तशीच बसलेली. गड्याने भाच्याला ओळखलं आणि काही न विचारता फावडं त्याच्या हातात दिलं. पोरगा दीड तास राबला, हूक त्यानेच आटवला, त्या पोरांकडून वरचे खड्डे त्यानेच भरून घेतले. गड्याने त्या गाडीचे पाच हजार खिशात टाकले आणि ट्रॅक्टर घेऊन निघून गेला. पोराला चहाचं विचारलंसुद्धा नाही.

तेवढ्यासाठी चार.